विलापिकेत दोन टाळ्या

ती. स्व. ताईंना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार (गुडघे परवानगी देतील तेवढाच वाकून. बाकीचा मनाने). "तीर्थरूप" फक्त आईवडिलांना लिहायचं, इतर वडीलधाऱ्यांना "तीर्थस्वरूप", हे मला तुमच्या भावाने लग्नाच्या पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं, तेही मी माहेरी लिहिलेलं पत्र पाकिटात घालायच्या आत ओढून घेऊन. त्यामुळे निदान मायन्यात तरी चूक नसावी. पुढच्या मजकुराची हमी देत नाही.

तुमच्या कंबरेचं हाड आता कसं आहे? आत घातलेली पट्टी थंडीत ठणकते असं ऐकलं. वॉकर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जाता आणि तिथे पोचल्यावर कशाला आलो ते विसरता, हेही कळलं. त्याचा हाडाशी संबंध नाही, मला वॉकरशिवायही तसंच होतं. औषधं वेळेवर घ्या. व्यायाम करून घेणाऱ्या मुलीला दम देऊ नका, ती रडत गेली म्हणे. माझी तब्येत ठीक आहे. रक्तदाबाची गोळी चालू आहे, डावा डोळा धूसर झालाय, आणि जन्मभर चष्म्याच्या दुकानात लोकांना नंबर काढून दिल्यावर स्वतःचा नंबर काढायला मला वेळ होत नाही, यावर तुमचे भाऊ जे बोलायचे ते मी इथे लिहीत नाही.

तुमचं पत्र मिळालं. पत्र कसलं, पोस्टमनने हातात दिलं तेव्हाच पाकीट तापलेलं होतं. तुमच्या दिरांच्या मुलाने तुम्हाला जे सांगितलं ते मी आधी सरळ कबूल करून टाकते, म्हणजे पुढे वाचताना तुमचा रक्तदाब एका जागी स्थिर राहील. होय, यांच्या अंत्यविधीच्या वेळी सणाचं गाणं झालं. होय, दारोदार फिरून म्हणतात तेच, उड्या मारायच्या चालीचं. होय, टाळ्या वाजल्या, आणि पहिली टाळी मीच वाजवली. फक्त तो पांढरा डगला घातलेला जाडा माणूस हसत होता, हे खोटं आहे. तो आमचा पाववाला. तो रडत होता. त्याचं तोंड रडताना तसंच दिसतं, त्याला बिचाऱ्याला त्याच्या स्वतःच्या सासऱ्याच्या वेळीही लोकांनी दटावलं होतं.

फोनवर मला सगळं सांगता आलं नाही. मी म्हटलं, हे गेले, आणि तुम्ही तिकडून ओरडत राहिलात, "हॅलो! कोण गेले? कुठे गेले? छत्री नेली का?" तेव्हा माझ्याने पुढे बोलवेना. तुम्हाला पलंगावरून उठता येत नव्हतं आणि मला उभं राहता येत नव्हतं, अशा अवस्थेत झालेलं ते बोलणं. म्हणून आता पहिल्यापासून लिहिते. तुम्ही त्यांच्या मोठ्या बहीण, आईच्या माघारी तुम्हीच त्यांना वाढवलं. तुमचा हक्क आहे.

तो झटका आला ती सकाळ अगदी रोजच्यासारखी होती. हे टेबलापाशी चष्मा कपाळावर चढवून चष्मा शोधत होते. मी चहा ठेवला. त्यांनी कपाकडे बघितलं आणि म्हणाले, "तसं नव्हे." मला वाटलं, चहा बिघडला. (जन्मभर वर्गात मुलांना "तसं नव्हे" म्हणत आलेला माणूस. घरीही दिवसातून पाचपन्नास वेळा व्हायचं. दुधाला, पडद्याला, माझ्या उच्चारांना, पावसाला.) मी मुकाट्याने दुसरा चहा केला. "तसं नव्हे." आता माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, मग कसं ते तरी सांगा, का आता चहालाही व्याकरण आहे? त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि ताई, ती नजर मास्तराची नव्हती. बाकावर उभ्या केलेल्या मुलाची होती. मग मला दिसलं की उजवा हात खुर्चीच्या बाहेर नुसता लोंबतो आहे, ओल्या टॉवेलसारखा.

इस्पितळातून घरी आणलं तेव्हा त्यांच्याजवळ तेवढे दोनच शब्द उरले होते. तसं नव्हे. भूक लागली तरी तेच, नको झालं तरी तेच, आणि मी समोरून उठून गेले की घाबऱ्या घाबऱ्या तेच. उजवा हात गेल्यामुळे लिहिणंही गेलं. डाव्या हाताने अक्षरं काढायला बसवलं तर पेन्सिल फेकली. डॉक्टर म्हणाले, समजतंय सगळं, बाहेर येत नाही. मी विचारलं, कविता? ज्या तोंडपाठ आहेत त्या? शेकडो आहेत हो, पुस्तक हातात न धरता शिकवायचे. डॉक्टर म्हणाले, असतील आतच. असतील आतच! जसं काही कुणी विहिरीत पडलंय आणि वरून आपण एकमेकांना सांगतोय, आहेत, आतच आहेत.

मग दवाखान्यात त्या बाई भेटल्या. बोलणं परत शिकवणाऱ्या. उंच, शिडशिडीत, हसण्याचा पगार मिळत नसल्यासारख्या. त्या म्हणाल्या, बोलणं मेंदूत एकीकडे असतं आणि गाणं बरंचसं दुसरीकडे, ज्यांना बोलता येत नाही त्यांना कधीकधी गाता येतं. यांना कुठली गाणी येतात? ताई, मी त्यांच्या तोंडावर हसले. यांना आणि गाणी! कवितेला चाल लावणं म्हणजे घरंदाज बाईला तमाशात उभं करणं, हे यांचं मत तुम्ही स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे, त्यावरून तुमच्या जावयांशी जेवणाच्या पानावर वाजलंही होतं. आमची सणाची मंडळी गल्लीत गात आली की हे खिडक्या लावून घ्यायचे. त्या मंडळीत गाणारी मी, बाहेर. आणि स्वतःच्याच घराची खिडकी माझ्याच तोंडावर बंद व्हायची. बाई म्हणाल्या, आताचं नको, लहानपणचं काही? अगदी लहानपणचं?

तेव्हा मला तुम्ही सांगितलेलं आठवलं. तुमची आई गेली त्या वर्षी सणाला घरात काहीच होणार नव्हतं, म्हणून तुम्ही या पोराला कडेवर घेऊन गाणाऱ्यांच्या मागे गावभर हिंडलात, आणि हा पठ्ठ्या धड बोलता येत नसताना सगळ्यांच्या वरताण ओरडत होता. मी म्हटलं, बघू. खुर्ची ओढली आणि "दार उघडा, आम्ही आलो" सुरू केलं. दवाखान्यातल्या त्या पांढऱ्या खोलीत, भर उन्हाळ्यात, पंख्याखाली. बाईंनी त्यांचा डावा हात धरून प्रत्येक ओळीनंतरच्या दोन टाळ्या त्यांच्या तळव्यावर मारल्या. हे माझ्याकडे अशा काही नजरेने बघत होते, जणू मी त्यांच्या देखत एखाद्या ग्रंथाने डास मारला असावा. दुसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्यांदा "दार उघडा" म्हणून मी श्वास घ्यायला थांबले आणि समोरून, स्वच्छ, सुरात, लहान मुलासारखं आलं, "आम्ही आलो."

मी रडले. बाई (हो, त्याही) खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. आणि हे म्हणाले, "तसं नव्हे."

इथून पुढे सोपं होईल असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. ते गाणं म्हणजे काय, तर दार उघडा, खाऊ द्या, नवे कपडे बघू द्या. वाङ्मयाचा हा एवढा मोठा मास्तर, सत्तरीला टेकलेला, खाऊ द्या म्हणायला तयार होईना. ओठ घट्ट मिटून बसले. बाई म्हणाल्या, चाल तीच राहू द्या, शब्द त्यांना पाठ असलेले घाला. म्हणजे जुन्या कविता? मी विचारलं. सणाच्या चालीवर? बाई म्हणाल्या, का, काय हरकत आहे? त्यांना काय माहीत काय हरकत आहे. हरकत खुर्चीत बसून डोळे वटारत होती.

तर ताई, अशा रीतीने चष्म्याच्या दुकानातल्या बाईने अभिजात काव्याला चाली लावायला घेतल्या, आणि माझ्या हातून जे अत्याचार झाले ते ऐका. सणाच्या चाली तुम्हाला माहीत आहेतच, चारपाचच आहेत आणि सगळ्या आखूड. कविता लांब. एका युद्धाच्या कवितेत "रणधुरंधर" असा शब्द येतो. तो नेमका टाळ्यांवर तुटला. "रणधु (टाळी टाळी) रंधर." एका चंद्रावरच्या कवितेला मी मुलांच्या झोक्याची चाल लावली, तर चंद्र प्रत्येक कडव्यात वरखाली व्हायला लागला. विरहिणीच्या कवितेला दुसरं काही बसेचना म्हणून मिरवणुकीची चाल लावली. ती विरहिणी पहिल्या ओळीत सख्याची वाट बघत उंबऱ्यात बसलेली असते आणि आमच्या चालीत चौथ्या ओळीपर्यंत पायात बूट घालून चौक ओलांडून जाते. हे कपाळावर हात मारून घ्यायचे. डावा हात, कारण उजवा हलत नव्हता. पण ताई, कपाळावर मारता मारता ताल धरायचे. आणि ताल धरला की शब्द येत. एकेक, ओले, घाबरलेले, पण बरोबर शब्द. एखादा मी चुकले तर गाता गाता डोळ्यांनी मला दटावून दुरुस्त करायचे. मी तर मुद्दाम चुकायला लागले.

मला एकटीला निभेना म्हणून आमच्या मंडळीच्या म्होरक्याला बोलावलं, तोच हा पाववाला. त्याला सगळे भोंगा म्हणतात, आवाजावरून. भट्टीवरून सुटला की डगल्यावरचं पीठ न झटकता यायचा आणि यांच्यासमोर बसून एखाद्या करुण कवितेची पहिली ओळ अशी उचलायचा की कपाटातल्या काचा वाजत. खालच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर आहेत. ते वर तक्रार घेऊन आले. म्हणाले, खुर्चीत आ करून बसलेले पेशंट ठेका धरतात आणि माझं यंत्र घसरतं. मी त्यांना आत नेलं, काय चाललंय ते दाखवलं. ते दारातच उभे राहून ऐकत राहिले. जाताना एवढंच म्हणाले, की दाढ काढायची असेल तेव्हा मी खालून काठी ठोकेन, त्या वेळी जरा संथ चालीचं घ्या. त्यानंतर खालून काठी वाजली की आम्ही चंद्र घ्यायचो.

आता ती विलापिका. तुम्हाला माहीत आहे ती कुठली. दरवर्षी वर्गात शिकवायचे आणि तिसऱ्या ओळीशी थांबून खिडकीबाहेर बघायचे, मुलं हळूच हसायची ती. जुन्या कवीचा मित्र गेलाय आणि तो त्याच्या घरी जातो:

दार उघडे, आत न कोणी,
वारा पुसे, घर न बोले;
ज्याने लाविली ज्योत अंगणी
त्याचे पाऊल कोठे गेले?

मी या कवितेला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. शरम काही आहे की नाही. पण एका दुपारी मी कपड्यांच्या घड्या घालत होते, तोंडात आपलं "दार उघडा, आम्ही आलो" चाललं होतं, आणि पलीकडून यांनी त्याच चालीत, दोन टाळ्यांची जागा सोडून, म्हटलं, "दार उघडे, आत न कोणी." मी घडी हातात धरून उभी राहिले. बसली होती हो. अक्षर ना अक्षर. आम्ही बाकीच्या कवितांचे हातपाय मोडून त्या चालीत कोंबत होतो, आणि ही आपली आपण येऊन बसली. इकडे पोरं दार ठोठावतायत आणि तिकडे घरात कुणी नाही, आणि चाल एकच. यांनाही ते कळलं. चेहरा पार उतरला. नंतर आठवडाभर त्यांनी ती तोंडातून काढली नाही. पण मला माहीत होतं, की एवढी सबंध, न अडखळता, त्यांना फक्त हीच येते.

त्यांच्या कॉलेजाने सत्कार ठरवला तो याच सुमाराला. मी नको म्हणत होते. यांनी मान हलवून हट्टच धरला. कोट घालायला अर्धी सकाळ गेली. ठरलं असं होतं, की यांनी नुसतं खुर्चीत बसायचं, इतरांनी बोलायचं, मानपत्र घ्यायचं आणि घरी यायचं. सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत यांचे जुने सहकारी, मागे विद्यार्थी. भाषणं झाली. यांच्या शिकवण्यावर, यांच्या आवाजावर (आवाजावर!). आणि मग हे उठले. काठीवर भार देऊन ध्वनिवर्धकापर्यंत गेले. मला कळलं की ते ती कविता म्हणणार आहेत, पूर्वीसारखी, न गाता, माणसासारखी. त्यांनी तोंड उघडलं. काही नाही. ओठ हलले, मानेची शीर ताणली. "तसं नव्हे," ते म्हणाले. पुन्हा प्रयत्न. "तसं नव्हे. तसं नव्हे." पहिल्या रांगेतले लोक आपापले बूट बघायला लागले. कार्यक्रमाचा चिटणीस त्यांना धरून बसवायला उठला. ताई, मला ते बघवेना. मी तिसऱ्या रांगेत बसल्या जागी दोन टाळ्या वाजवल्या.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग डोळे मिटले आणि सुरू केलं. त्या चालीवर. दार उघडे, आत न कोणी. मागच्या पोरांना वाटलं, सर गंमत करतायत. चाल तर सगळ्यांच्या रक्तातली. टाळी टाळी! पुढच्या ओळीला निम्मं सभागृह, त्याच्या पुढच्याला सगळं. कुणीतरी शिटीही वाजवली. आणि हे डोळे मिटून, घामाघूम, त्या आनंदी कल्लोळातून एकेक शब्द उचलत शेवटपर्यंत गेले. सगळी कडवी. एक अक्षर चुकलं नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि पोरं खिदळत उभी राहिली. यांचे जुने स्नेही, व्याकरणवाले, मान खाली घालून बाहेर निघून गेले. त्यांना वाटलं असणार, की या माणसाचं डोकंही गेलं. यांनी ते जाताना पाहिलं.

घरी आल्यावर कोट काढू दिला नाही. भिंतीकडे तोंड करून निजले. त्यानंतर गाणं बंद, "तसं नव्हे" बंद, सगळंच बंद. पाववाला येऊन बसायचा, पीठ सांडायचा, जायचा. त्या बाई आल्या आणि म्हणाल्या, जबरदस्ती करू नका. खालून काठी वाजायची आणि वर शांतता. डॉक्टरांना दाढा तशाच काढायला लागल्या. मी रोज जेवण वाढत होते, पाठीला पावडर लावत होते, खिडकी उघडत होते, आणि माझ्याशी कुणी भांडत नव्हतं. ताई, न बोलणाऱ्या माणसाची सवय होते हो, पण न रागावणाऱ्याची होत नाही.

आणि मग एका दुपारी मी ताट पुढे ठेवून वळले, तर मागे टेबलावर दोन टिचक्या वाजल्या. मी वळले. त्यांनी पुन्हा वाजवल्या. आणि त्याच चालीवर, स्वतःच्या शब्दांत, कुठल्याही जुन्या कवीच्या नव्हे, अगदी स्वतःच्या, ते गायले:

"भाजीमध्ये (टक टक) मीठच नाही (टक टक)."

मी भाजी चाखली. खरंच नव्हतं. मी तिथेच जमिनीवर बसकण मारली आणि इतकी हसले, इतकी हसले, की दातांचे डॉक्टर धावत वर आले, त्यांना वाटलं मी रडतेय. ते काही अगदीच चुकलं नव्हतं त्यांचं.

त्यापुढचे महिने, ताई, आमच्या संसारातले सगळ्यात बोलके. तुमचा भाऊ गाऊन भांडला. "पंखा कर तो (टक टक) बंद आधी." "हा शर्ट नको (टक टक) निळा काढ." मीही गाऊनच उत्तरं द्यायला लागले, कारण एकाने गायचं आणि दुसऱ्याने बोलायचं हे बरं दिसत नाही. दूधवाला दार उघडताच पळायचा. व्याकरणवाल्यांची मात्र पुन्हा पायधूळ झाली नाही, तेवढं शल्य राहिलं ते राहिलंच. आणि एकदा तुमचा विषय निघाला. तुम्ही पडलात, हाड मोडलं, असा निरोप आला होता. मी सांगितल्यावर बराच वेळ टेबलावर नुसता हात ठेवून बसले. मग हळूहळू, शब्द शोधत, चाल मोडत मोडत म्हणाले, "ताईच्या कडेवरून... (टक टक) सगळी दारं दिसायची." हे तुम्हाला तेव्हाच कळवायला हवं होतं. त्याच बाजूचं हाड मोडलं का दुसऱ्या, हे विचारायला त्यांनी मला खूण केली होती. मी फोनवर विचारायला विसरले.

दुसरा झटका आला तेव्हा इस्पितळात आवाज अगदी बसला होता. मी उशाशी होते. त्यांनी माझ्या मनगटावर दोनदा बोट आपटलं आणि पुटपुटले, "मी गेलो की..." मी म्हटलं, असं अभद्र बोलू नका, पाणी हवंय का? "तसं नव्हे." उशी उंच करू? "तसं नव्हे." मग माझं मनगट घट्ट धरलं, आणि मास्तर चिडतो तसे चिडून, सगळा जीव गोळा करून गायले, "मी गेलो की (टक टक) हीच म्हणा." मी विचारलं, कविता? मान हलली. साधी, चालीशिवाय? "तसं नव्हे." या चालीवर? लोक काय म्हणतील हो? तर हसले, ताई. तोंडाचा अर्धाच भाग हसतो, पण तो हसला. आणि मनगटावर पुन्हा दोनदा बोट.

म्हणून झालं ते. त्या दिवशी सगळे गप्प उभे होते. तुमच्या दिरांचा मुलगा हात जोडून पुढे उभा होता, शहाणा मुलगा आहे, त्याला बोल लावू नका. पाववाल्याने सुरुवात केली, पण तेव्हा भोंगा कुठेतरी फाटला होता, आवाज येईना. मग मी, त्या बाई, दातांचे डॉक्टर, आमच्या मंडळीतले लोक, जसे जमतील तसे सूर धरले. दार उघडे, आत न कोणी. पहिली ओळ संपली आणि टाळीची जागा आली. कुणाचा हात उठेना. त्या रिकाम्या जागेत इतकी शांतता पडली, ताई, की मला वाटलं त्यांचे शब्द पुन्हा अडकले. म्हणून मी वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. शेवटचं कडवं आम्हाला कुणालाच धड येत नव्हतं, ते येणारा एकटाच होता आणि तो काही सांगायच्या स्थितीत नव्हता. तेव्हा ते आम्ही ला ला करून म्हटलं. यांनी ऐकलं असतं तर काय म्हणाले असते, ते तुम्हाला माहीत आहे.

एवढंच. आता तुम्हाला माझ्यावर रागवायचं असेल तर रागवा, पण टाळ्यांवर रागवू नका.

लहानांना आशीर्वाद, थोरांना नमस्कार. व्यायामाच्या मुलीला माझ्यातर्फे सॉरी म्हणा.

आपली,
धाकटी भावजय

ता. क. – वर मी लिहिलं आहे की माझी तब्येत ठीक आहे. गोळी चालू आहे एवढं खरं. दिवसातून कितीदा, ते लक्षात राहत नाही.

आणखी ता. क. – तुमच्याकडे रात्रीचं सोबतीला कुणी नाही, असं कळलं. कंबरेच्या दुखण्यात उठायला-बसायला हात लागतो. यांच्यामुळे मला धरून उठवायची सवय झालेली आहे, ती अशीच वाया चालली आहे. तेव्हा सणाच्या दिवसांत, तुमची हरकत नसेल तर, मी तुमच्या मदतीला येऊन राहावं असं मनात आहे. माझ्या लग्नाला तुमची संमती नव्हती हे मला माहीत आहे. इतक्या वर्षांत मी तुमच्या घरी राहायला म्हणून कधी आले नाही, तेही माहीत आहे. पांघरूण माझं मी आणीन.

आणखी एकच ता. क. – पाकीट बंद केलं होतं, परत फाडलं. ताई, कंबरेचं निमित्त आहे. तुम्हाला माझी गरज आहे की नाही मला ठाऊक नाही. आज सकाळी जिन्यात पावलं वाजली, कुणीतरी वरच्या मजल्यावर चाललं होतं, आणि मी दोन कप चहा गाळून ठेवला. मला इथे राहवत नाही. येऊ का?